वाचकांचे प्रश्न : विषारी धूर, दूषित पाणी आणि व्हीएचा दावा

अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले मराठी वाचक, त्यांच्या घरची माणसं आणि तिथल्या तळांवर कंत्राटी काम केलेले लोक, अशी तिन्हीकडची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. सगळ्यांचं विचारणं एकच: नोकरीत असताना धूर, रसायनं किंवा दूषित पाणी पोटात गेलं, आता आजार जडलाय, भरपाई कशी मागायची? उत्तरांमध्ये 'व्हीए' हा शब्द सारखा येईल. ते अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं. 'पॅक्ट' हा विषारी संपर्काने आजारी पडलेल्या माजी सैनिकांसाठीचा, १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेला कायदा. त्याला सार्जंट हीथ रॉबिन्सन यांचं नाव आहे. ते इराकमध्ये होते आणि २०२० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

प्रश्न : मी २०११-१२ मध्ये अमेरिकी लष्करातर्फे आधी कुवेतला आणि मग अफगाणिस्तानात बाग्रामच्या तळावर होतो. २०१६ मध्ये दमा निघाला. सायनसचा त्रास तर बारमाही आहे. बर्न पिट (तळावरचा कचरा जाळायचा खड्डा) रजिस्ट्रीत नाव नोंदवलं, व्हीएच्या दवाखान्यात टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंगही झालं. दोन वर्षं होत आली, हातात छदाम नाही. कुठे अडलं असेल? (सॅन अँटोनिओ, टेक्सस)

उत्तर : कुठेच अडलेलं नाही, तुमचा दावा अजून दाखलच झालेला नाही. रजिस्ट्री ही संशोधनासाठीची नोंद आहे. स्क्रीनिंग म्हणजे पाच-दहा मिनिटांची प्रश्नावली. ती दर पाच वर्षांनी विचारतात आणि तिची उत्तरं दवाखान्याच्या फाइलला लागतात. दोन्हींमुळे भरपाई खात्याकडे कागद जात नाही. हा घोळ इतका सर्रास होतो, की स्क्रीनिंगच्या शेवटी नर्सने हे एक वाक्य मोठ्याने सांगायला हवं असं आमचं मत आहे.

आज करायचं काम एकच: 'इंटेंट टू फाइल', म्हणजे दावा करणार असल्याची आगाऊ सूचना. फॉर्म २१-०९६६ भरा, व्हीएच्या हेल्पलाइनवर फोन करून सांगा, किंवा व्हीएच्या संकेतस्थळावर लॉग इन करून भरपाईचा अर्ज नुसता सुरू करून ठेवा. ऑनलाइन अर्ज सुरू केला की ही नोंद आपोआप होते. ती झाली, की तारीख पक्की आणि पूर्ण अर्ज देण्यासाठी हातात एक वर्ष. मंजुरी कधीही येवो, पैसे या तारखेपासून मोजले जातात. वर्ष उलटलं तर मात्र ती तारीख गेली.

पूर्ण अर्ज म्हणजे फॉर्म २१-५२६ईझेड. त्यात विषारी संपर्काबद्दलचा स्वतंत्र भाग असतो. तिथे देश, तळ आणि महिने लिहा. 'मध्यपूर्व' असं मोघम लिहू नका. कुवेत २ ऑगस्ट १९९० पासून आणि अफगाणिस्तान ११ सप्टेंबर २००१ पासून पॅक्टच्या यादीत आहे, त्यामुळे धूर किती दिवस अंगावर घेतला, खड्डा बराकीपासून किती दूर होता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. सेवेनंतर निदान झालेला दमा, जुनाट सायनुसायटिस आणि जुनाट ऱ्हायनायटिस हे आजारही 'प्रिझम्प्टिव्ह' म्हणजे सेवेमुळेच झाल्याचं गृहीत धरलेले आहेत. तुमच्याकडून लागतं ते इतकंच: तिथे होतात याचा कागद, म्हणजे डीडी-२१४ (सेवामुक्तीचा दाखला) आणि पोस्टिंगचे आदेश, आणि डॉक्टरने लेखी केलेलं निदान. 'सर्दी होते, शिंका येतात' ही लक्षणं झाली. कागदावर 'क्रॉनिक सायनुसायटिस' हे नाव यायला हवं.

आजार सेवेतला आहे हे मान्य झालं, तरी अपंगत्वाचे टक्के किती हा वेगळा हिशोब असतो आणि लोक तिथेच घसरतात. दम्याचं उदाहरण घ्या. श्वास उघडणारं औषध अधूनमधून घेत असाल तर १० टक्के. श्वासावाटे किंवा गोळीतून ते रोज घेत असाल, किंवा सूज कमी करणारा इनहेलर चालू असेल, तर ३० टक्के. दम उसळल्यामुळे महिन्यातून निदान एकदा डॉक्टरकडे जावं लागत असेल, किंवा वर्षात तीन वेळा स्टेरॉइडचा कोर्स झाला असेल, तर ६०. आता तुमचं प्रिस्क्रिप्शन काढून बघा. तुम्ही श्वास उघडणारा इनहेलर रोज सकाळ-संध्याकाळ घेता, पण डॉक्टरने 'गरज पडेल तेव्हा' असं लिहिलं असेल, तर कागदावर तुम्ही १० टक्क्यांचे. खरोखर रोज घेत असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरला तसं सांगून नोंद दुरुस्त करून घ्या.

सायनससाठी वर्षातल्या दुखण्यांची संख्या बघतात. डोकेदुखी, चेहऱ्यात ठणका आणि पिवळा-हिरवा स्राव अशी दुखणी वर्षाला तीन ते सहा असतील तर १० टक्के, सहापेक्षा जास्त असतील तर ३०. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या तरी चालेल, पण तारखा हव्यात. ऱ्हायनायटिसला १० टक्के मिळायचे तर दोन्ही नाकपुड्या निम्म्यापेक्षा जास्त किंवा एक पूर्ण बंद असावी लागते. पॉलिप असतील तर ३०. नाहीतर 'सेवेतला आजार, ० टक्के' असं उत्तर येतं. तेही जपून ठेवा, पुढे त्रास वाढला की संबंध पुन्हा सिद्ध करावा लागत नाही.

टक्क्यांची बेरीज शाळेतल्यासारखी होत नाही. ६०, ३० आणि १० असतील तर १०० होत नाहीत. आधी ६० वजा, उरले ४०. त्यांचे ३० टक्के १२, झाले ७२. उरलेल्या २८ चे १० टक्के धरून ७५. जवळच्या दहावर नेऊन ८०. तुमचे ३० आणि १० धरले तर ३७ होतात आणि ४० लागतात. डिसेंबर २०२४ च्या तक्त्याप्रमाणे एकट्या माणसाला ४० टक्क्यांचे महिना ७७४ डॉलर आणि १०० टक्क्यांचे ३,८३१ डॉलर होते, करमुक्त. ३० टक्क्यांपासून पुढे पती किंवा पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांच्यासाठी वरची रक्कम मिळते. श्वसनाचे दोन आजार असले, उदाहरणार्थ दमा आणि सीओपीडी, तर त्यांना वेगवेगळे टक्के देत नाहीत. जो जास्त जड तो धरतात. नाक आणि सायनस मात्र वेगळे मोजतात.

आणखी एक. तुमचा दमा २०१६ चा, म्हणजे पॅक्ट लागू झाला त्या दिवशी तो होताच. कायद्याने नव्याने दिलेला हक्क वर्षभरानंतर मागितला आणि अटी त्या दिवसापासून सलग पुऱ्या होत असतील, तर अर्जाच्या तारखेच्या मागे एक वर्षापर्यंतचे पैसे मिळू शकतात. अर्जासोबत २०१६ च्या निदानाचा कागद लावा आणि निवेदनात ही मागणी स्पष्ट लिहा. ज्यांनी १४ ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ज केला त्यांना थेट १० ऑगस्ट २०२२ पासून धरलं गेलं. ती गाडी सुटली, पण म्हणून दावा करायची मुदत संपलेली नाही. तशी मुदत नाहीच.

अर्जानंतर तपासणीचं बोलावणं येईल. ती बहुधा कंत्राटी कंपनीचा डॉक्टर करतो. जमत नसेल तर आधी फोन करून तारीख बदला. न सांगता चुकवली तर हातात असलेल्या कागदांवरच निकाल लावतात. तिथे बरं असल्याचा आव आणू नका. 'कसे आहात?' ला आपण सवयीने 'मजेत' म्हणतो आणि ते तसंच टाइप होतं.

प्रश्न : माझे सासरे अमेरिकन आहेत. १९६९ मध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या जहाजावर होते, जमिनीवर कधी उतरले नाहीत. २००९ मध्ये मधुमेहाचा दावा केला, तो याच कारणाने फेटाळला. आता रक्तदाबही आहे. वय ७८. पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का? (नॉरफोक, व्हर्जिनिया)

उत्तर : अर्थ आहे, आणि २००९ चं ते नकारपत्र सापडलं तर आधी ते जपून ठेवा, सगळ्या पैशांचं मूळ त्यात आहे.

एजंट ऑरेंज हे झाडोरा मारायचं तणनाशक. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी ते व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलं. त्यात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन मिसळलेलं होतं. १९९१ च्या कायद्याने व्हिएतनाममध्ये गेलेल्यांसाठी संबंध गृहीत धरला, पण व्हीएने पुढे 'पाय जमिनीला लागले पाहिजेत' असा अर्थ लावून नौदलाला वगळलं. २०१९ च्या ब्लू वॉटर कायद्याने ते दुरुस्त झालं. १ जानेवारी २०२० पासून किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांतली सेवा धरली जाते. काळ ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५.

सासऱ्यांच्या बाबतीत महत्त्वाचं कलम हे: २५ सप्टेंबर १९८५ नंतर आणि १ जानेवारी २०२० आधी केलेला दावा असा फेटाळला गेला असेल आणि त्याच आजारासाठी आता पुन्हा अर्ज केला, तर मंजुरीची तारीख जुन्या अर्जाची धरतात. म्हणजे २००९ पासून. त्यासाठी फॉर्म २०-०९९५, सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे फेटाळलेल्या दाव्यावर नव्याने अर्ज. 'कायदा बदलला आहे, त्याखाली पुन्हा बघा' असं लिहा. जहाजाचं नाव आणि साधारण महिने द्या; जहाज कुठे होतं ते डेक लॉगवरून व्हीए तपासतं. मधुमेहाला गोळ्या आणि पथ्य चालू असेल तर २० टक्के. इन्सुलिन, पथ्य आणि डॉक्टरने घातलेलं हालचालींचं बंधन, तिन्ही असेल तर ४०. मधुमेहातून पायांच्या नसा किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल तर ते 'सेकंडरी' म्हणून त्याच अर्जात मागा. हे लोक विसरतात, आणि खरं तर मोठे टक्के तिथेच असतात.

रक्तदाब यादीत आला तो पॅक्टमुळे, म्हणून त्याची तारीख वेगळी चालेल. त्यात एक खोच आहे. १० टक्क्यांसाठी खालचा आकडा बहुतांश वेळा १०० किंवा जास्त, नाहीतर वरचा १६० किंवा जास्त लागतो. गोळ्यांनी ज्याचं प्रेशर १३०/८० वर आलंय तो या मापात बसत नाही. मात्र 'पूर्वी खालचा आकडा बहुतांश वेळा १०० किंवा जास्त होता आणि आता कायम गोळी लागते' असं दाखवता आलं, तरी १० टक्के मिळतात. म्हणून गोळी सुरू व्हायच्या आधीची नोंद शोधा, मग ती तीस वर्षांपूर्वीच्या फॅमिली डॉक्टरच्या फाइलमधली का असेना. ती नसेल तर बहुधा ० टक्के.

लवकर निकालाची विनंती करायला नुसतं ७८ वय पुरत नाही, आधार हवा: शेवटच्या टप्प्यातला असाध्य आजार, पैशांची खरी ओढाताण, किंवा ८५ किंवा जास्त वय. यातलं काही असेल तर फॉर्म २०-१०२०७ सोबत लावा.

प्रश्न : माझे यजमान अमेरिकी लष्करातून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले. २००५ मध्ये ते इराकमध्ये होते. आठ महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारले. त्यांनी हयातीत कुठलाही दावा केला नव्हता. मी भारतीय नागरिक आहे. मला काही मागता येतं का? महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणच नाही. (कोथरूड, पुणे)

उत्तर : मागता येतं. नागरिकत्वाची अट नाही आणि यजमानांनी दावा केलेला नसणं आड येत नाही. इराकमधल्या सेवेसाठी स्वादुपिंडाचा कर्करोग यादीत आहे. तुम्हाला मिळायचा तो लाभ डीआयसी, म्हणजे सेवेतल्या आजाराने गेलेल्याच्या वारसाला दरमहा मिळणारी रक्कम. त्यासाठी फॉर्म २१पी-५३४ईझेड. मृत्यूपासून वर्षाच्या आत अर्ज पोहोचला तर मृत्यूच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पैसे मिळतात, नंतर गेला तर अर्जाच्या तारखेपासून. तुमच्या हातात चार महिने आहेत. कागद जमेपर्यंत थांबू नका, इंटेंट टू फाइल वारसांनाही देता येतं. डिसेंबर २०२४ च्या दराने मूळ रक्कम महिना १,६५३ डॉलर होती.

दाखल्याबद्दल: भारतातल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत, त्यामुळे महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. तुम्हाला हवं ते मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नमुना ४, घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नमुना ४-अ. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, विनामूल्य. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रत हातात आली की पहिल्या भागातल्या ओळी वाचा. पुष्कळदा वर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' असं लिहून खालच्या ओळी रिकाम्या सोडलेल्या असतात. हृदय आणि श्वास थांबणं ही मृत्यूची अवस्था झाली, कारण नव्हे. मूळ कारण सगळ्यात खालच्या ओळीत यायला हवं. ते नसेल तर कर्करोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत पत्र घ्या: निदान कधी झालं, गाठ मूळ कुठली, आणि मृत्यू त्याच आजाराने किंवा त्याचा मोठा हातभार लागून झाला. सोबत बायोप्सीचा अहवाल आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड. 'मूळ कुठली' हे अशासाठी, की दुसरीकडून पसरलेली गाठ यादीत धरत नाहीत. कर्करोग जिथे सुरू झाला तो अवयव बघतात.

लग्नाचा नोंदणी दाखला असेल तर प्रश्न मिटला. जुनं लग्न असेल आणि नोंदणी झालेली नसेल, तर लग्न लावणाऱ्या गुरुजींचं प्रतिज्ञापत्र किंवा लग्नाला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं चालतात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा आणि त्याखाली भाषांतरकाराची सही व भाषांतर अचूक असल्याचं प्रमाणन घ्या. लग्नपत्रिका मात्र जोडू नका. एका वाचक भगिनींनी विचारलंय म्हणून सांगतो, ती हौसेची आहे.

अर्ज विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या पेन्शन इनटेक सेंटरला टपालाने जातो. ट्रॅकिंग असलेल्या सेवेनेच पाठवा आणि सगळ्या कागदांची स्कॅन प्रत ठेवा. यजमानांच्या निवृत्तीमुळे तुम्हाला 'ट्रायकेअर' ही लष्करी आरोग्य योजना लागू नसेल, तर डीआयसी मंजूर झाल्यावर 'चँपव्हीए' या आरोग्य योजनेसाठी वेगळा अर्ज करा. तिच्यात भारतातल्या उपचारांची बिलंही बसतात.

प्रश्न : हवाई दलात आठ वर्षं जर्मनीतल्या तळावर विमानांची देखभाल केली. जेट इंधन आणि भाग धुण्याची द्रावणं यांतच दिवस गेला. आता मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे. निकालपत्रात 'विषारी संपर्क मान्य' असं लिहून खाली 'संबंध असण्याची शक्यता कमी' म्हणून नकार दिलाय. मान्य पण आणि नकार पण, हे कसं? (सिॲटल)

उत्तर : तुमचा तळ आणि तुमचा आजार, दोन्ही यादीबाहेरचे. तिथे गृहीतक लागत नाही, संबंध दाखवावा लागतो. पॅक्टने तुम्हाला इतकंच दिलं: संपर्क झाल्याचा पुरावा आणि आजार असेल तर व्हीएने स्वतःच्या खर्चाने वैद्यकीय मत घ्यायचं. या संपर्काला ते 'टेरा' म्हणतात. तुमचा टेरा मान्य झाला, मत विरोधात गेलं.

आता ते मतच वाचायचं. निकालपत्रात त्याचा सारांश असतो. मूळ मागवून घ्या. कायद्यानुसार डॉक्टरने सगळ्या नेमणुकांमधला एकूण संपर्क आणि निरनिराळ्या रसायनांचा मिळून होणारा परिणाम विचारात घ्यायचा आहे. मतात फक्त 'इंधनाचा मूत्रपिंडाशी संबंध आढळत नाही' असं असेल, द्रावणांचा उल्लेखच नसेल किंवा आठ वर्षांऐवजी एकाच नेमणुकीचा विचार असेल, तर ती तपासणीतली चूक आहे. त्यासाठी फॉर्म २०-०९९६, हायर लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे वरिष्ठाकडून फेरतपासणी. यात नवा कागद जोडता येत नाही, पण फोनवर अनौपचारिक बोलण्याची संधी मागता येते. ती मागाच, आणि बोलताना चूक कुठल्या वाक्यात आहे तेवढंच सांगा. 'अन्याय झाला' याने तिथे काही हलत नाही.

मत व्यवस्थित असेल तर मात्र रिव्ह्यू फुकट जाईल. मग आपल्या नेफ्रॉलॉजिस्टकडून नवं मत घेऊन सप्लिमेंटल क्लेम करा. भारतातल्या डॉक्टरचंही चालतं. पत्रात तीन गोष्टी हव्यात: लष्करी नोंदी वाचल्या आहेत, संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे, आणि का. 'असू शकतो', 'नाकारता येत नाही' अशा शब्दांना व्हीए अंदाज म्हणतं आणि बाजूला ठेवतं. मधुमेह किंवा रक्तदाब ही मूत्रपिंड बिघडण्याची नेहमीची कारणं आहेत. ती तुम्हाला नसतील तर डॉक्टरने तसं लिहावं, असतील तर त्यांना टाळून न जाता उत्तर द्यावं. सोबत काम केलेल्या एखाद्याचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०, जोडा: कुठलं द्रावण, हातमोजे होते की नाही, हँगरमध्ये हवा खेळती होती का.

निकालाच्या तारखेपासून वर्षाच्या आत यातलं काहीही केलं तर मूळ तारीख टिकते.

प्रश्न : एका सल्लागाराने 'आम्ही रेटिंग वाढवून देतो, वाढलेल्या रकमेचे सहा महिन्यांचे पैसे द्या' असं सांगितलंय. द्यावेत का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : देऊ नका. व्हीएने मान्यता दिलेला माणूसच दावा तयार करू शकतो आणि पहिल्या अर्जासाठी फी घ्यायला कायद्यात मुभा नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात. फॉर्म २१-२२ ने त्यांना नेमता येतं. वकील लागतो तो नकारानंतर. तेव्हा मागच्या थकबाकीतले २० टक्क्यांपर्यंत वाजवी मानतात. नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का हे व्हीएच्या संकेतस्थळावर मिनिटभरात दिसतं. तुमच्या सल्लागाराचं बघा आणि आम्हालाही कळवा.

प्रश्न : १९८६ मध्ये मरीनमध्ये असताना कॅम्प लेजूनला पाच महिने होतो. वकिलांच्या जाहिराती बघून आता जागा झालो. उशीर झाला का? (शिकागो)

उत्तर : कॅम्प लेजून हा नॉर्थ कॅरोलायनातला मरीनचा तळ, तिथलं पिण्याचं पाणी दूषित होतं. न्यायालयीन दाव्यासाठी उशीर झाला, ती मुदत १० ऑगस्ट २०२४ ला संपली. व्हीएच्या भरपाईला मुदत नाही. १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ दरम्यान तिथे मिळून ३० दिवस काढले असतील तर आठ आजार गृहीत धरतात: प्रौढ वयातला ल्युकेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया व मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, मूत्राशयाचा, मूत्रपिंडाचा आणि यकृताचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा आणि पार्किन्सन. आजार कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. यातला असेल तर इंटेंट टू फाइल आजच.

प्रश्न : २००६ ते २००८ मी इराकमध्ये बलदच्या अमेरिकन तळावर कुक होतो. नोकरी एका आखाती कंपनीची, ती मोठ्या अमेरिकन कंपनीची सबकॉन्ट्रॅक्टर. कचऱ्याच्या आगीचा धूर रात्रंदिवस मेसमध्ये यायचा. या वर्षी गोव्यात डॉक्टरांनी पल्मनरी फायब्रोसिस (फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार) सांगितलं. पॅक्टमध्ये मी बसतो का? (मडगाव)

उत्तर : पॅक्टमध्ये नाही, तो सैनिकांसाठी आहे. तुमच्यासाठी डिफेन्स बेस ॲक्ट आहे, १९४१ चा, आणि आपल्याकडच्या फार थोड्या माणसांना तो ठाऊक असतो. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर परदेशातल्या तळावर काम करणारा कुठल्याही देशाचा कामगार त्यात येतो, सबकॉन्ट्रॅक्टरचाही. पैसे विमा कंपनी देते, देखरेख अमेरिकेच्या कामगार खात्याची. सबकॉन्ट्रॅक्टरने विमा उतरवला नसेल तर जबाबदारी वरच्या कंपनीवर जाते.

इथे मुदत आहे, व्हीएसारखी मोकळीक नाही. कामामुळे जडलेल्या आजाराबाबत, आजार कामाशी जोडलेला आहे आणि त्यामुळे काम सुटलं हे कळल्यापासून मालकाला एका वर्षात नोटीस, फॉर्म एलएस-२०१. आणि दोन वर्षांत दावा, फॉर्म एलएस-२०३. तुम्हाला डॉक्टरांनी या वर्षी सांगितलं, म्हणून ते पत्र तारखेसह घ्या. त्यात 'धुराच्या संपर्काने आजार झाला किंवा वाढला' असं डॉक्टरांचं मत असलं पाहिजे. या कायद्यातही गृहीतक आहे: आजार आहे आणि कामाच्या जागी तो होऊ शकेल अशी परिस्थिती होती, एवढं दाखवलं की ते खोडून काढायचं ओझं विमा कंपनीवर. बलदचा तो खड्डा अमेरिकेतही गाजलेला आहे. प्लॅस्टिक, बॅटऱ्या, टायर, दवाखान्याचा कचरा, सगळं तिथे जायचं आणि पेटवायला जेट इंधन ओतायचे.

कागद कुठले? नोकरीचा करार, तळाचा बॅज, लेटर ऑफ ऑथोरायझेशन, पासपोर्टवरचे शिक्के, आणि पगार जमा झालेलं एनआरई खात्याचं पासबुक. बॅज परत घेतला असेल तर त्या काळातल्या सहकाऱ्यांची निवेदनं घ्या. विमा कुणाचा होता ते मालक सांगत नसेल तर दाव्यात वरच्या अमेरिकन कंपनीचं नाव लिहा, कामगार खातं त्यावरून शोध घेतं.

रक्कम सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांश असते. समजा महिना ६०० डॉलर होते: वर्षाचे ७,२००, आठवड्याला १३८, त्यातले ९२ डॉलर. औषधोपचाराचा खर्च वेगळा, आणि फायब्रोसिसमध्ये मोठा आकडा तोच होतो. ऑक्सिजन, पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी), सीटी यांची बिलं ठेवत चला. परदेशी कामगारांबाबत एक वाईट कलम आहे: कायमच्या अपंगत्वाची पुढची सगळी रक्कम विमा कंपनी एकदम निम्म्या किमतीत चुकती करू शकते. अन्यायच आहे, पण कायदा तसा आहे. म्हणून भविष्यातल्या उपचारांचा हक्क कुठल्याही तडजोडीत सोडण्याआधी दहादा विचार करा.

कंपनीचा माणूस घरी येऊन 'फुल अँड फायनल'च्या कागदावर सही मागेल, हेही होतं. कामगार खात्याने मंजूर केल्याशिवाय त्या तडजोडीला किंमत नाही. सही न करता कागदाचा फोटो काढून ठेवा. वकिलाची फीसुद्धा खात्याच्या किंवा न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि विमा कंपनीने दावा नाकारून तुम्ही जिंकलात तर ती बहुधा तिलाच द्यावी लागते. तेव्हा मडगावात कुणी 'फाइल लावायला' आगाऊ पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.